घासून काढलेलं नाव

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून कंटाळा. लग्नघरी, प्रवासात कोणी असं काही सुरू केलं की मी उठते आणि चहाचं काय झालं ते बघायला जाते. या सदरासाठी मी काही लिहिणार आहे हे ऐकून नवरा म्हणाला, "तू? तुझ्यावर तर भूतसुद्धा विश्वास ठेवणार नाही." खरं आहे. तरी लिहिते आहे. कारण जे झालं ते एका बाईला वेळेवर पूर्ण सांगायला हवं होतं आणि मी अर्धंच सांगितलं. आता निदान इथे तरी, जसं झालं तसं, सगळं.

आम्ही अमरावतीत राहतो, राजापेठेत. मेन रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आमचं घर आहे. खालची जागा ट्यूशन क्लासला दिलेली, वर आम्ही तिघं — मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. गच्चीवर टिनाचं शेड आहे, तिथे माझं काम चालतं. कठड्याशी उभं राहिलं की गल्लीची दोन्ही टोकं दिसतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्ही विचाराल.

माझं काम म्हणजे जुन्या, टाकून दिलेल्या वस्तूंपासून घर सजवायच्या वस्तू करणं. शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर टेबल, जेवणाच्या पाटाचं भिंतीवरचं शेल्फ, खिडकीच्या चौकटीत आरसा, टेलरकडच्या चिंध्यांचे गालिचे. आधी एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करत होते; गुडघे आणि मॅनेजर दोन्ही त्रास द्यायला लागले तेव्हा सोडलं आणि या छंदाचाच धंदा केला. बरा चालतो. नवरा घरात शिरताना चप्पल काढून ठेवत विचारतो, "आज डेपोत काय नवीन?" डेपो म्हणजे कचरा डेपो. मी लक्ष देत नाही.

सगळ्यात जास्त मागणी पितळेच्या दिव्यांना आहे. अकोल्यात एका भांड्याच्या दुकानदाराशी माझं ठरलेलं आहे. लोक नवीन स्टील घेताना जुनं पितळ मोडीत देतात, त्यातलं बऱ्या घडणीचं तो माझ्यासाठी बाजूला ठेवतो. गुंड आले तर मला आधी फोन करतो. गुंड म्हणजे पाणी भरायची पितळी घागर. आमच्या वऱ्हाडात गुंडच म्हणतात. गुंडाला बुडाशी भोक पाडायचं, वायर आणि होल्डर बसवायचा, वर कापडाची शेड — झाला दिवा.

पण त्याआधी एक काम असतं. जुन्या भांड्यावर नाव असतं. कोणी कोणाला दिलं, लग्नात दिलं की डोहाळजेवणाला, ते टिंबाटिंबांनी ठोकलेलं असतं. गिऱ्हाइकाला ते नको असतं. एका बाईंनी तर तोंडावर सांगितलं होतं, "ताई, दुसऱ्याच्या आजीचं नाव आमच्या हॉलमध्ये कशाला?" बरोबरच आहे. म्हणून भांडं आलं की चिंच-मीठ लावून धुवायचं आणि नाव असेल तेवढी जागा मशीनवर घासून सपाट करायची. हे मी इतक्यांदा केलं आहे की नाव वाचायची सवयच गेली. कांद्याचं साल काढताना कांदा कुठल्या गावचा ते कोणी बघतं का?

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. अकोल्याहून आलेल्या मालात एक मोठा गुंड होता. पोट गोल, गळा उंच, घडण उत्तम. बुडाजवळ चीर पडलेली होती आणि तिथे जुना डाग दिलेला होता — जस्ताचा, चांगला रुपयाएवढा. गळ्याखाली नावाची ओळ होती. मी गॉगल लावला, मशीन सुरू केलं, ओळ गेली. मशीन बंद केलं तेव्हा खालून आवाज आला.

"कचराऽ..."

बारीक आवाज. पोरीचा. मला वाटलं, कचऱ्याची गाडी. गाडी सकाळी येते आणि तिचं ते गाणं लावून येते, पण एखाद्या दिवशी उशीर होतो. मी कठड्यावरून ओरडले, "सकाळीच दिला." खाली पाहिलं तर गल्लीत कोणीच नव्हतं. क्लासच्या पोरांच्या गाड्या उभ्या होत्या, पोरं आत होती. मी रिकाम्या गल्लीला उत्तर दिलं होतं. मनाशी हसले आणि परत कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच. मशीन बंद केलं की आवाज. आता पितळ मशीनवर घासल्यावर कानात घूं होतंच, म्हणून मी त्याला कानाचा दोष मानून सोडून दिलं. पण जेवायला खाली आले तर आत्याबाई बाल्कनीत मेथी निवडत बसल्या होत्या.

"मंगल, कोन आवाज देऊन रायलं वं खाली?"

"कचऱ्याची गाडी असेल, आत्याबाई."

"दुपारून कोनती गाडी येते?"

"मग नसेल. कोणी पोरं असतील क्लासची."

"पोट्टी होय," त्या म्हणाल्या. "लहान पोट्टी. केव्हाची उभी हाय."

मी बाल्कनीतून वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. आणखी एक सांगते: आत्याबाईंना बाजूला ठेवलेल्या फोनची रिंग ऐकू येत नाही. दारावरची बेल तर आम्ही त्यांच्यासाठी म्हणून बदलली, तीही ऐकू येत नाही. हे मात्र त्यांना ऐकू आलं.

रात्री जेवताना त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "हिची कीर्ती पसरली आहे. आता लोक घरपोच कचरा आणून देऊन राहिले. दार उघडं ठेवत जा, मंगल, कोणाचा परत जायला नको." हसण्यावारी गेलं.

असं काही दिवस चाललं. रोज नाही, पण आवाज यायचा तो दुपारीच. मी एकदा क्लासच्या सरांना बोलले, तुमच्या मुलांना समजावा म्हणून. ते बिचारे म्हणाले, "मॅडम, दुपारच्या बॅचला सगळी अकरावी-बारावीची मुलं. लहान मुलगी कुठली?" मग मी तो विषय बंद केला. दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर होत्या. गुंडाचा दिवा तयार झाला, फार सुरेख झाला, आणि मी तो बाकीच्या मालाबरोबर अकोल्याला नेला.

अकोल्याला दिवाळीआधी एका मंगल कार्यालयात बायकांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरतं. मी स्टॉल घेते. दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी नव्हती तेव्हा, एक साठीच्या बाई स्टॉलसमोर येऊन थांबल्या. कॉटनची साडी, खांद्याला नीट पिन, चष्मा. शाळेतली बाई दुरून ओळखू येते. त्यांनी किंमत विचारली नाही. दिव्याला एक वळसा घातला, वाकल्या आणि बुडाच्या त्या डागावर बोट ठेवलं.

"हा कुठून घेतला तुम्ही?"

"घेतला नाही, मी बनवला. जुना गुंड आहे."

"ते दिसतंय," त्या म्हणाल्या. "आमचाच आहे. हा डाग माझ्यामुळे. लहानपणी विहिरीच्या काठावर आपटला होता मी."

मला वाटलं, आता वाद. मोडीत दिलेलं भांडं परत मागायला येणारी माणसं असतात. मी म्हटलं, "ताई, मी दुकानातून रीतसर घेतला आहे."

"हो, मीच दिला दुकानात. स्वयंपाकघर नवीन केलं, मॉड्युलर. जागा नव्हती." त्यांनी गुंड हळूच फिरवला. गळ्याखालची बाजू समोर आणली, मग परत फिरवला, परत आणली. "इथे नाव होतं."

"घासलं मी. गिऱ्हाइकाला आवडत नाही."

"काय होतं नाव?"

"वाचलं नाही ताई."

"एखादं अक्षर?"

"नाही."

त्या स्टॉलच्या खुर्चीवर बसल्या. मी पाणी दिलं. रडल्या वगैरे नाहीत. रिकाम्या ग्लासाशी चाळा करत म्हणाल्या, "तुम्हाला काय बोलू? मी त्या घरात जन्मले, मी कधी वाचलं नाही."

त्यांचं नाव प्रतिभाताई. आई नव्वदीच्या घरात, घरीच अंथरुणावर. आईचं माहेर वरूडकडचं एक खेडं. लग्नात नाव बदललं, सासरी सुशीला ठेवलं. आधार कार्डावर सुशीला, रेशन कार्डावर सुशीला. वडिलांनी तर कधी नावाने हाक मारलीच नाही, त्या काळी मारत नसत. आईचे भाचे होते, त्यांना विचारलं, ते म्हणाले आम्ही मोठी आत्याच म्हणायचो. भाऊ, बहिणी, सगळे गेले. माहेरचं नाव कशात होतं तर या गुंडावर. तो माहेरून आलेला. आणि गंमत अशी की आई त्याची नावाची बाजू कायम भिंतीकडे करून ठेवायची. घासायचीही स्वतःच. तो चिरल्यापासून दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हती.

"पण आता नाव कशाला हवंय?" मी विचारलं. माझा स्वभाव सरळ विचारायचा आहे.

"आई सुशीलाला ओ देत नाही. आई म्हटलं तर इकडेतिकडे बघते, कोणाला म्हणते आहे म्हणून. सकाळी उठून बसवून द्या म्हणते. केस विंचरून द्या म्हणते. मग दाराकडे तोंड करून बसते. जेव म्हटलं की म्हणते, 'आता मले आवाज देतीन, मंग मी जाईन.' दुपारपर्यंत थांबते. मग विचारते, 'काहून कोनी मले आवाज नाही देत?'" प्रतिभाताईंनी ग्लास खाली ठेवला. "खात नाही ताई. वाट बघता बघता खायचं राहून जातं. डॉक्टर म्हणतात वय झालं. असेल. पण मला वाटतं, एकदा तिला तिच्या नावाने हाक मारावी. एकदा ओ दिला पाहिजे तिने. मग जेवली काय, नाही काय."

मी दिवा पॅक करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी घेतला नाही. "मला गुंड नको आहे," म्हणाल्या. आपला नंबर दिला — काही आठवलं तर सांगा म्हणून — आणि गेल्या.

त्या दिव्याला नंतर दोन गिऱ्हाइकं आली. मी विकला नाही. परत घेऊन आले.

घरी आल्यावर रात्री पोळ्या करताना हे सगळं आत्याबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. सोलता सोलता थांबल्या.

"मंग थेच तर."

"काय तेच?"

"थे पोट्टी. कचरा नाही म्हनत वं थे. कचरे म्हनते. गाडीवाली थोडीच होय. मानसाले मारते तशी हाक होय थे."

"कचरे कोणाचं नाव असतं, आत्याबाई?"

"असते. आमच्या गावात दोघी होत्या. ज्या बाईचे लेकरं जगत नाही, थे पोरगी झाली की उकिरड्यावर नेऊन ठेवत जाय. दुसरी कोनी उचलून आनत जाय. मंग नाव ठेवत कचरा. यमाले वाटलं पायजे, हे काय न्याची." पाकळ्या वाटीत टाकत त्या म्हणाल्या, "तुमच्या आताच्या पोरीयचे नावं पाहा. आयकूनच घेऊन जावंसं वाटते."

मी त्यांना म्हटलं, असं काही नसतं. त्या म्हणाल्या, "नको असू देऊ."

दुसऱ्या दिवशी मी गुंड शेडमध्ये ठेवला आणि मशीन सुरूच केलं नाही. चिंध्या रंगांप्रमाणे लावत बसले. म्हणजे हात चिंध्यांत होते, लक्ष खाली होतं. खरं सांगायचं तर काही ऐकू येणार नाही याची मला खात्री होती. मग एकदाचं मन मोकळं होईल, असा हिशेब. ऊन चढलं. खालच्या क्लासमधून सरांचा गणिताचा आवाज येत होता. आणि मग स्वच्छ, इतका स्वच्छ की मी हातातली चिंधी खाली ठेवली —

"कचरे... ओ कचरे... चाल ना वं. ऊन होऊन रायलं."

त्या आवाजात घाबरण्यासारखं काही नव्हतं. थोडा लाडिक होता, थोडा वैतागलेला. मैत्रिणीला उशीर झाला की पोरी दारात उभ्या राहून मारतात तशी हाक. मी लगेच कठड्याशी गेले. डावीकडे रस्त्यापर्यंत गल्ली रिकामी. उजवीकडे एक गाय. आवाज येत असतानाच मी खाली बघत होते, आणि आवाज आमच्या फाटकाशीच होता, आणि फाटकाशी कोणी नव्हतं.

मी खाली गेले, पाणी प्याले आणि प्रतिभाताईंना फोन लावला.

इथे मी जे केलं ते नीट सांगते. मनात वाक्य जुळवलं होतं: माझ्या घरी दुपारी एक आवाज येतो, तो असं असं म्हणतो. पण त्यांचा तो शाळेतल्या बाईंचा 'हॅलो' ऐकला आणि ते वाक्य मला तोंडातून काढवेना. आयुष्यभर अशा बोलणाऱ्यांना मी वेड्यात काढलेलं. म्हणून मधलं सगळं गाळलं आणि कामाचं तेवढं ठेवलं.

"ताई, ते नाव... कचरा असावं."

"काय म्हणालात?"

"कचरा."

मग त्या म्हणाल्या, "आमचं भांडं तुमच्यासाठी कचरा असेल. मोडीतलाच माल तो. माझ्या आईला का म्हणता?"

"तसं नाही ताई. नाव असतं असं. मुलं जगत नसली की —"

"तुम्ही वाचलं नव्हतं म्हणालात ना परवा?"

"नाही वाचलं."

"मग कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "असंच... अंदाज आहे माझा."

"अंदाजाने तुम्ही माझ्या आईचं नाव कचरा ठेवता," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या आणि फोन कट झाला.

मला राग आला. चांगलं करायला जा आणि ऐकून घ्या. आत्याबाई समोरच बसल्या होत्या. "थे चाल ना म्हनते, ऊन होऊन रायलं म्हनते, हे काहून नाही सांगतलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याने काय फरक पडतो, नाव सांगितलं ना. त्या म्हणाल्या, "जाऊन सांगून ये वं. फोनवर नसते होत अशा गोष्टी." मी म्हटलं, दिवाळी होऊ द्या.

मग दिवाळीपर्यंत मशीन दिवसभर चालू होतं. आत्याबाई रोज एकदा विचारायच्या, "गेल्ती का अकोल्याले?" मी म्हणायचे, जाईन. त्या काळात आवाज येत होता का, कधी थांबला, मला सांगता येणार नाही. नंतर ज्यांना हे सांगितलं ते मला हा प्रश्न विचारतात, की अमुक दिवशी थांबला असेल ना? मला माहीत नाही. मशीन चालू होतं.

दिवाळीचा माल संपला, पाहुणे गेले, आणि मी एक दिवस गुंडाची वायर-होल्डर काढून टाकलं, तो धुतला, पिशवीत घातला आणि अकोल्याची बस धरली. ऑटोवाल्याला पत्ता सांगून प्रतिभाताईंच्या घरी पोचले तेव्हा दुपार होती. दार त्यांनीच उघडलं. त्यांच्या मागे, हॉलमधल्या स्टुलावर, हार घातलेला फोटो दिसला.

मी तिथेच उभी राहिले. त्या म्हणाल्या, "या, आत या. तेरवी पण झाली."

पाणी दिलं. मी पिशवी पायाशी ठेवली. मीच बोलायला सुरुवात केली, की त्या दिवशी फोनवर... त्यांनी हात केला, थांबा म्हणून.

"नाव बरोबर होतं तुमचं," त्या म्हणाल्या.

तेरवीला एक म्हातारी आली होती. आईच्या माहेरगावची, आता मोर्शीला लेकीकडे राहणारी. भाच्यांनी गावात निरोप धाडला होता, तो फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला. मरणाची बातमी जिथवर जाते तिथवर चौकशी जात नाही. नातवाचा हात धरून आली आणि फोटोपुढे बसल्या बसल्या रडायला लागली, "कचरे, मले ठेवून गेली वं, कचरे."

"सगळी माणसं एकमेकांकडे बघायला लागली," प्रतिभाताई म्हणाल्या. "माझ्या सुनेला तर वाटलं, बाई चुकीच्या घरी आली."

स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली, त्या उठून गॅस बंद करून आल्या.

"तुमचा फोन कापला ना, त्या संध्याकाळी मी आईजवळ बसले. राग होता तुमचा. पण म्हटलं, बघू तर खरं. दार लोटून घेतलं, सुनेने ऐकू नये म्हणून. आणि म्हटलं..." त्यांनी चष्मा काढला. "आईला कचरा कसं म्हणू? जीभच वळेना. म्हणून म्हटलं, 'कचराबाई.' पुन्हा म्हटलं, 'अहो कचराबाई.' आईने बघितलं माझ्याकडे. घरात अनोळखी बाई आली की बघतात ना, तसं. अंगावरचं पांघरूण नीट केलं, आणि भिंतीकडे वळली. मला वाटलं, नाव चूक."

"तेरवीच्या त्या आजींना मी विचारलं," त्या पुढे म्हणाल्या, "की मी तिला या नावाने हाक मारली होती, तिने ओ का नाही दिला? मी सांगितलं कसं म्हटलं ते. तर त्या म्हणाल्या, 'बाई कोन म्हने तिले? आमी सगळ्याजनी कचरेच म्हनो. पान्याले जाताना. पाच-सहाजनी होतो आमी. आता मी एकलीच.'"

मग त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? खरं सांगा."

मी सांगितलं. गच्ची, मशीन, रिकामी गल्ली, आत्याबाई, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "'चाल ना' म्हणत होती?"

"हो. चाल ना वं. ऊन होऊन रायलं."

"हे सांगितलं असतं तर मी तसंच म्हटलं असतं."

त्यांनी चष्मा परत लावला.

"कसं म्हणत होती? एकदा म्हणून दाखवा."

मला नाही जमत असलं काही. मी शाळेच्या नाटकातसुद्धा कधी काम केलं नाही. पण त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्या बाईच्या हॉलमध्ये, सोफ्यावर बसून, मी म्हटलं. जशी ऐकली होती तशी. त्यांनी माझ्यामागून म्हटलं. पहिल्यांदा फार मऊ आलं, आईशी बोलल्यासारखं. मी मान हलवली. पुन्हा म्हटलं. मग खुर्ची दाराकडे वळवून, आवाज चढवून, जरा वैतागून, बरोबरीच्या पोरीला म्हणावं तसं म्हणाल्या, "कचरे, ओ कचरे, चाल ना वं." आता अगदी बरोबर होतं. आतून त्यांच्या सुनेने विचारलं, "आई, मला म्हणालात का काही?" प्रतिभाताई म्हणाल्या, "नाही गं."

गुंड मी तिथे ठेवून आले. बुडाला माझं भोक आहे, पाणी राहायचं नाही. त्या म्हणाल्या, असू द्या.

हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं, क्लासच्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, आवाज परावर्तित होतो, गल्ली अरुंद आहे. असेल. हाक मारणारी कोण होती, मला माहीत नाही. ती अकोल्याला प्रतिभाताईंच्या आईच्या दारात न जाता आमच्या फाटकाशी का उभी राहिली, तेही माहीत नाही. आणि मला नि आत्याबाईंना ऐकू आलेली ती हाक, जिची होती तिच्यापर्यंत का पोचली नाही? पहिल्या दोन प्रश्नांना माझ्याकडे अजून उत्तर नाही. तिसऱ्याला आहे: फोनवर मधलं सगळं मी गाळलं, त्यात भुताखेतांचं काही नाही.